पिवळ्याजर्द बदकाचा निकाल

९ जानेवारी

भिंगरे,

पत्र बघून दचकू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. फोनच करणार होते. पण आमच्या घरी भिंतींना कान आहेत की नाहीत ठाऊक नाही, सूनबाईंना मात्र नक्की आहेत. म्हणून कारखान्याच्या पुढच्या खोलीत बसून लिहितेय. उत्तरही कारखान्याच्याच पत्त्यावर पाठव. घरी पाठवलंस तर तुझे आतोबा ते मोठ्याने वाचतील आणि खालच्या मजल्यापर्यंत सगळ्यांना माझ्या आधी कळेल.

सोबतच्या खोक्यात एक बदक आहे. जपून उघड. आयुष्यभर मी बादल्या, मग आणि साबणदाण्या काढल्या, खेळणं असं कधी केलं नव्हतं. पण मार्चअखेर तुझ्या वहिनीची तारीख आहे. म्हटलं, नातवंडाचं पहिलं खेळणं आजीच्या हातचं हवं. साचेवाल्याच्या मागे लागून बदकाचा साचा करून घेतला. पहिला केला तो कोंबडीसारखा दिसत होता, तो तोंडावर परत मारला. दुसरा जमला. रंग बघ कसा आलाय, पिवळाजर्द! असा पिवळा हल्ली बाजारात मिळत नाही.

याचं जुळं भावंड मी सूनबाईंच्या हातात दिलं. तिने काय करावं? उलटंसुलटं करून पाहिलं, नाकाशी नेऊन वास घेतला, "छान आहे हं, आई" म्हणाली आणि कपाटावर ठेवून दिलं. कपाटावर, बिघडलेल्या पंख्याशेजारी! दातांची डॉक्टर पडली ना ती. तिला सगळं जग 'हे तोंडात गेलं तर काय' असंच दिसतं. मी हसून साजरं केलं, पण भिंगरे, खरं सांगते, फार लागलं मला. माझ्या हातचं बाळाला चालणार नसेल तर आजी होऊन मी करायचं काय, नुसती अंगाई म्हणायची? माझा आवाज तुला माहीत आहे.

तर तू तिथे लेझर मारून प्लास्टिकमधले विषारी धातू शोधतेस ना, मार माझ्या बदकावर. आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दे, 'बदक शुद्ध आहे'. शिक्का असेल तर शिक्काही मार. हातच्या कांकणाला आरसा कशाला, पण सूनबाईंना लागतो. या बदकात मी काय घातलंय ते फक्त मला ठाऊक आहे. बाळ आलं की सगळ्यांना सांगेन, तोवर तुलाही नाही.

तुझी आत्या

२० जानेवारी

आत्या,

नमस्कार. वाकून करायचा तो भेटीत करीन, इथे टेबलाखाली वायरींचा गुंता आहे.

बदक पोचलं. आमच्या खोलीत एवढं देखणं काही याआधी आलेलंच नव्हतं. आमच्याकडे येतं ते म्हणजे फुटक्या खुर्च्यांचे तुकडे आणि वायरींची सालं. त्यामुळे सध्या जो तो तुझ्या बदकाबद्दलच बोलतोय. साहेबांनी चष्मा वर करून दोनदा पाहिलं.

तू विचारलं नाहीस, तरी यंत्र काय करतं ते सांगते, म्हणजे पुढे माझ्यावर ओरडताना तुला सोपं जाईल. बदकाच्या एका ठिपक्यावर लेझरचा झोत पडतो, पापणी लवायच्या कितीतरी आधी संपतो. तेवढ्यात तिथलं प्लास्टिक इतकं तापतं की त्याची ठिणगीच होते. 'टक्' असा आवाज येतो. त्या ठिणगीच्या उजेडात प्रत्येक धातूची आपापली रेघ असते. शिशाची जांभळ्यात, कॅडमियमची हिरव्यात. माणूस पत्ता बदलेल, रेघ बदलत नाही. बदकाला खड्डा पडतो तो टाचणीच्या टोकाएवढा, त्यामुळे त्याला काही कळलं नसावं.

निकाल इतक्यात लिहून देत नाही. एका बदकावर भागत नाहीये, आणखी पाठव. आणि ज्यापासून केलंस तो प्लास्टिकचा दाणा आणि रंगही थोडाथोडा वेगळा बांधून पाठव. वहिनीशी तोवर या विषयावर बोलू नकोस. बदकही आहे तिथेच राहू दे, उंचावर शोभत असेल.

दादा कसा आहे? बाप होणार म्हणून अजून घाबरून पांघरुणात जाऊन बसतो का?

तुझी भिंगरी

२७ जानेवारी

भिंगरे,

मला वाटलंच होतं! एका बदकावर भागणार नाही, सगळ्यांनाच हवंसं वाटणार. साहेबांनी दोनदा पाहिलं म्हणजे घरी नातवंड असणार. लाजतात बिचारे, तोंडाने मागवत नाही. डझनभर पाठवतेय, सगळ्यांना वाट. चार-पाच जरा फिकी उतरलीत, ती साहेबांना दे. चांगली जर्द आहेत ती तुम्ही पोरीपोरी ठेवा. दाणा न् रंग कशाला हवाय? तिथे बसून बदकं पाडणार आहेस की काय? माझा धंदा मलाच करू दे.

आणखी एक आनंदाची बातमी. मागच्या गल्लीतल्या पाळणाघराच्या बाई आल्या होत्या, बादल्या घ्यायला. टेबलावरचं बदक बघून त्यांना राहवेना. येत्या आठवड्यात त्यांच्या पोरांसाठी पाठवते म्हटलं. विकत नाही, असेच. बघ, परक्या बाईला कळतं आणि घरच्या डॉक्टरला कळत नाही.

दादा बरा आहे. काल त्याने पाळणा जोडला. चार स्क्रू उरलेत, ते कुठले हे त्यालाही सांगता येत नाही. तो पाळणा मी फोरमनकडून पुन्हा जोडून घेणार आहे.

कागद मात्र लवकर पाठव. शिक्का विसरू नकोस.

तुझी आत्या

१ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र वाचलं आणि आधी कारखान्यात फोन केला. फोरमनकाकांनी उचलला. त्यांना एवढंच सांगितलं, की पाळणाघरात एकही बदक जाऊ द्यायचं नाही. का ते पत्रात लिहितेय, कारण फोनवर तू मला दुसरं वाक्य बोलू देणार नाहीस.

आत्या, बदकात शिसं आहे. आणि कॅडमियमही. थोडंथोडकं नाही. खेळण्यात जेवढं चालतं त्याच्या कितीतरी पट.

पहिल्याच दिवशी रेघा दिसल्या होत्या. तुला सांगायला जीभ रेटली नाही, म्हणून 'आणखी पाठव' असं गुळमुळीत लिहिलं. तू त्याचा अर्थ असा काढशील हे मला कळायला हवं होतं, तुझीच भाची आहे मी.

हे धातू पिवळ्या रंगात असतात. पूर्वी तसे रंग सर्रास वापरायचे, कारण ते उन्हापाण्याने उतरत नाहीत. वास नाही, चव नाही, डोळ्याला दिसत नाही. मोठ्या माणसाने बदक हातात घेतलं तर काही होत नाही. पण लहान मूल ते दिवसभर चघळतं, कुरतडतं, आणि त्या वयात शिसं डोक्यात जातं. बाळाला हे बदक द्यायचं नाही. वहिनी काही चुकली नाही गं.

रागाव, पण बदकं परत गोळा कर.

भिंगरी

६ फेब्रुवारी

चि. भाचीस,

बदकं गोळा केली आहेत. पाळणाघराच्या बाईंना पोरांसाठी मग दिले, कारण शब्द दिला होता.

बाकी तुझं म्हणणं मला मान्य नाही. नाचता येईना अंगण वाकडं. आधी तुझं यंत्र तपास, त्याला चष्मा लागला असेल. माझ्या कारखान्यात दाणा नवा येतो, रंगही नव्या पद्धतीचा येतो, त्याची पावती नाही, पुरावा नाही, माझी तीस वर्षं आहेत. बदक मी उकळत्या पाण्यात घातलं, मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलं, लोहचुंबक लावून पाहिला. काही चिकटलं नाही, पाण्याचा रंग बदलला नाही. तुझ्या आतोबांनी चावूनसुद्धा पाहिलं. अजून बोलताहेत, थांबत नाहीत.

तुमच्या त्या टेबलावरची धूळ लागली असेल. नाहीतर टपालवाल्याचे हात. उचलली जीभ लावली टाळ्याला!

आत्या

१४ फेब्रुवारी

आत्या,

'चि. भाचीस' दोनदा वाचलं. एवढी परकी मी तुझी कपबशी फोडली तेव्हाही झाले नव्हते.

आतोबांना चूळ भरायला सांग आणि यापुढे चाचणीसाठी त्यांना वापरू नकोस.

शिसं चुंबकाला चिकटत नाही. उकळून जातही नाही. पण तू धुळीचं म्हणालीस ते मी मनावर घेतलं, कारण ती शंका रास्त होती. म्हणून एकाच खड्ड्यात पुन्हा पुन्हा झोत मारला. वरची धूळ असती तर पहिल्या-दुसऱ्या ठिणगीला उडून गेली असती आणि पुढे रेघ नाहीशी झाली असती. तसं झालं नाही. आत, आणखी आत, रेघ तेवढीच ठळक. मग यंत्रच तपासलं. ज्या प्लास्टिकमध्ये किती धातू आहे ते आधीपासून पक्कं ठाऊक आहे, असे तुकडे आमच्याकडे असतात. ते लावले. यंत्राने बरोबर सांगितलं. त्याला चष्मा नाही लागलेला.

आता खरी गंमत ऐक. तुझी डझनभर बदकं एकेक करून लावली. सात नापास झाली आणि पाच पास! पास म्हणजे अगदी निर्मळ, रेघेचा मागमूस नाही. आणि ती पाच कोणती? तू साहेबांच्या गळ्यात मारायला निघाली होतीस ती फिकी.

मी टेबलावर चढून नाचले. साहेब आत आले आणि आल्या पावली बाहेर गेले.

म्हणजे आत्या, तुझा कारखाना स्वच्छ आहे. तुझा दाणा, तुझा रंग, सगळं स्वच्छ. फक्त त्या जर्द बदकांमध्ये दुसरं काहीतरी गेलंय. तू म्हणाली होतीस, यात काय घातलंय ते फक्त तुलाच माहीत आहे. काय घातलंस गं?

तुझी, अजूनही तुझीच,
भिंगरी

२ मार्च

भिंगरे,

इतके दिवस लिहिलं नाही. हात उचलेना. आज लिहिते, पण हे पत्र वाचून फाडून टाक.

तुझ्या दादाला पहिल्यांदा अंघोळ घातली तो पिवळा टब तुला आठवणार नाही, तू तेव्हा झालीही नव्हतीस. काय रंग होता! त्या टबाकडे बघता बघता मी प्लास्टिकच्या धंद्यात पडले, असं म्हटलंस तरी चालेल. मला वाटायचं, हे असं काहीतरी आपल्याला करता यायला हवं. पुढे तळाला चीर गेली, तरी टाकवला नाही. माळ्यावर ठेवून दिला. घर बदललं तेव्हाही आधी टब गाडीत चढला आणि मागाहून तुझे आतोबा.

बाळाची बातमी कळली तेव्हा मनात आलं, बाजारात विकायचा तोच दाणा माझ्या नातवंडाला का? जुनं ते सोनं. रविवारी कारखान्यात कुणी नसताना टब नेला, तोडला, दळला आणि त्याची बदकं पाडली. ज्या टबात बाप डुंबला त्याच्याच बदकाशी बाळ खेळणार, आणि हे मी बाळ घरी आलं की सगळ्यांसमोर सांगणार. सूनबाईसुद्धा मग ते कपाटावरून काढील, असा माझा बेत. तुझ्या डझनाच्या वेळी टबाचा भुगा संपत आला. सात कशीबशी निघाली. उरलेल्या पाचांत नेहमीचा दाणा आणि नेहमीचा रंग घातला. ती तेवढी मनासारखी उतरली नाहीत म्हणून फिकी म्हटलं.

म्हणजे बघ, जीव ओतून केलेली नापास झाली आणि हात झटकून केलेली पास. हसावं की रडावं तेच कळेना. मी आधी हसले, आणि नंतर रडलेही.

एक विचारते, खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. तुझ्या दादाला मी रोज विषात बुडवत होते का?

साचा आणि दळायचं यंत्र मी आणि फोरमनने दोनदा घासून काढलंय. त्यातून निघालेला टबाचा चुरा पोत्यात आहे. तो मागच्या अंगणात जाळून टाकते आणि या विषयावर पडदा टाकते. सूनबाईंना काही सांगायला नको. वेळ आली की कपाटावरचं बदक हळूच काढून घेईन, म्हणेन हरवलं.

आत्या

८ मार्च

आत्या,

जाळू नकोस! चुरा जाळलास तर प्लास्टिक जाईल आणि शिसं धुरात नि राखेत येईल, म्हणजे आत्ता पोत्यात शहाण्यासारखं बसलंय ते मोकाट सुटेल. पोतं बांधून माझ्याकडे पाठव. मला त्याचा उपयोग आहे, पुढे सांगते.

आधी दादाचं. नाही, विषात बुडवत नव्हतीस. धातू प्लास्टिकच्या आत जखडलेला असतो. टबात बसून पाणी उडवणं वेगळं आणि तोच टब दळून, खेळणं करून दिवसभर चघळणं वेगळं. दादाने टब खाल्ला नव्हता ना? मग झालं तर. तरी जीव थाऱ्यावर येत नसेल तर त्याला रक्त तपासून घ्यायला सांग. त्यानिमित्ताने तो सुईला किती घाबरतो ते वहिनीला लग्नानंतर का होईना कळेल. तो स्वतःचे मोजे शोधू शकत नाही, याचा शिशाशी संबंध नाही. आतोबांनाही सापडत नाहीत.

आता दुसरं. बदक हळूच काढून 'हरवलं' म्हणणार? आत्या, तू खोटं बोलायला लागलीस की तुझ्या भुवया वर जातात, हे सगळ्या घराला ठाऊक आहे. आणि समज, नाही पकडली गेलीस, तरी वहिनीच्या मनात काय राहील? की आईंनी दिलेलं बदक कुठेतरी घरातच आहे. बाळ रांगायला लागलं की ती ते शोधत राहील.

सांगून टाक. मी सांगू का, असं विचारणार होते, पण ते बरं नाही. बदक तू दिलंस, परत तूच घे.

मला माहीत आहे तुला कशाची भीती वाटतेय. एकदा सांगितलं की ती पुन्हा तुझ्या हातचं काहीच बाळाला देणार नाही, हेच ना? मला तसं वाटत नाही. पण वहिनी तुझी सून आहे, माझी नाही, त्यामुळे छातीठोकपणे सांगत नाही.

तुझी भिंगरी

१५ मार्च

भिंगरे,

सांगितलं. बस खाली आणि सगळं ऐक.

दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. ती पाय उशीवर ठेवून पडली होती, पावलं भारी सुजली आहेत तिची. मी स्टूल लावलं, वर चढले आणि कपाटावरचं बदक काढलं.

"आई! उतरा आधी. पडाल. काय करताय?"

"हे न्यायला आले."

"का?"

तीन पायऱ्यांच्या त्या स्टुलावर उभी राहूनच मी बोलून टाकलं. खाली उतरले असते तर धीर गेला असता. म्हटलं, यात शिसं आहे, भिंगरीने तपासलंय, मी तुझ्या नवऱ्याचा लहानपणीचा टब दळून हे केलं, मला वाटलं फार चांगलं करतेय, आणि मी तुझ्यावर मनातल्या मनात चिडले होते ते वेगळंच.

ती म्हणाली, "टब? तो पिवळा? ज्यात बसलेला ह्यांचा उघडा फोटो आहे तो?"

"तोच."

"तो दळलात?"

आणि भिंगरे, ती जी हसायला लागली! पोट धरून हसत होती, अगदी दोन्ही हातांनी धरून, मला वाटलं आत्ताच दवाखान्यात न्यावं लागतंय. हसता हसता रडायला लागली. म्हणाली, "आई, जुन्या पिवळ्या प्लास्टिकबद्दल मी शिकत असताना कुठेतरी वाचलं होतं. बदक बघितलं आणि तेच आठवलं. तुम्हाला विचारायचं धाडस झालं नाही. तुम्ही इतक्या खुशीत होतात. देऊ नये तर तुम्हाला लागणार, द्यावं तर मला झोप लागणार नाही. म्हणून वर ठेवलं. बाळ आल्यावर काय करायचं, याचा घोर मला लागला होता तो निराळा."

म्हणजे दोन महिने आम्ही दोघी एकाच बदकाला घाबरत होतो, ती एका खोलीत आणि मी दुसऱ्या! मी उतरले, तिच्या पायाशी बसले आणि दोघी मिळून पुन्हा रडलो. तेवढ्यात तुझे आतोबा आले. आमच्याकडे पाहिलं आणि चहा स्वतः करतो म्हणाले, यावरून ओळख ते किती घाबरले असतील.

संध्याकाळपर्यंत आमचं भांडणही सुरू झालं होतं. ती म्हणते, बदकाला टोकदार चोच नको, हिरडीला लागते, गोल करा. मी म्हणते गोल चोचीचं बदक म्हणजे कासव. ती म्हणते रंगच नको. बिनरंगाचं बदक, सांग! पण हिरड्यांचं तिला कळतं आणि साच्याचं मला, त्यामुळे कागदावर काहीतरी जमलंय. साचेवाल्याला पुन्हा बोलावलंय. तो आता माझं नाव ऐकून मागच्या दाराने पळतो.

पोतं पाठवलंय. त्यासोबत एक खोकंही आहे. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं, म्हणून घरातलं थोडं थोडं घातलंय. कंगवा, दात घासायचे ब्रश, लाटीसारखा गोल, जुना साबणाचा डबा, पाळण्याचं चाक, आणि आतोबांची कवळी. कवळी लवकर परत कर, त्यांना अजून सांगितलेलं नाही.

तुझी आत्या

१२ एप्रिल

आत्या आजी,

मुलगी झाली, मुलगी झाली! दादाचा फोन आला तेव्हा तो काय बोलत होता ते एक अक्षर कळलं नाही, नुसता हुंदके देत होता. शेवटी वहिनीने फोन घेऊन सांगितलं. बाळंत झालेल्या बाईला नवऱ्याचं बोलणं समजावून सांगावं लागतं, असा मुलगा वाढवलास!

खोक्याचा निकाल देते. कंगवा पास, ब्रश पास, चाक पास. साबणाचा जुना डबा नापास, तो पोत्यात टाकला. कवळी पास. तिला मागच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडलाय. आतोबांना सांगायचं की नाही ते तू ठरव. माझ्यासमोर अशी वेळ पुन्हा आणू नकोस, कवळी यंत्रात ठेवताना साहेब नेमके पाहुण्यांना घेऊन आले होते.

पहिलं धरून तुझी आठ नापास बदकं इथे नोकरीला लागली आहेत. यंत्र ठीक चाललंय की नाही हे बघायला आम्हाला रोज शिसंवालं प्लास्टिक लागतं, पोतंही त्याचसाठी मागवलं होतं. म्हणून सकाळी आल्याआल्या आधी बदकाला एक झोत, टक्! जांभळ्यात आणि हिरव्यात रेघ दिसली की सगळे कामाला लागतात. साहेबांनी त्यांना कुलपाच्या कपाटात जागा दिली आहे आणि वर पाटी लावली आहे, 'खेळू नये'. जीव ओतलास तो वाया नाही गेला गं. जे काही इथे तपासलं जातं, त्याच्या आधी तुझ्या बदकाचा मान असतो.

आणि आता खरं. नव्या साच्यातलं बिनरंगाचं बदक आलं. कासवासारखं नाही, पण आळसावलेलं दिसतं. मी त्याला पोटावर, पाठीवर, चोचीवर, शेपटीवर, जमेल तिथे झोत मारले. साहेबांनीही स्वतः मारले. कागद सोबत आहे. 'शुद्ध' असं आम्ही लिहीत नाही, यंत्राला मनातलं कळत नाही. लिहिलंय ते एवढंच, की शोधले त्यांपैकी एकही विषारी धातू आढळला नाही. अक्षरं मोठी काढली आहेत. शिक्के दोन मारलेत.

तिचा एक पापा माझ्या वतीने घे.

भिंगरी

५ ऑक्टोबर

भिंगरे,

इतक्या महिन्यांत चार ओळी लिहायला फुरसत झाली नाही, रागावू नकोस. ठमाबाईंनी सगळ्यांना कामाला लावलंय. खरं नाव तिच्या आईबापांनी चांगलं ठेवलंय, पण मी ठमाबाई म्हणते आणि ती माझ्याच हाकेला वळून बघते.

दात शिवशिवतात तिचे. बदक सारखं तोंडात. चोच चावून चावून पांढरी पडलीय. सूनबाई रोज धुते आणि मी दर पंधरवड्याला नवं पाडते, कारण कुरतडलेलं जुनं द्यायचं नाही असं आमचं दोघींचं ठरलंय. पाळणाघराच्या बाईंनाही दिली. या वेळी सूनबाई स्वतः घेऊन गेली आणि तिथल्या आयांना हिरड्यांवर एक भाषण देऊन आली.

पण पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. परवा जेवताना ती म्हणाली, "आई, सोमवारपासून दवाखाना सुरू करते." मी म्हटलं, कर की, तुझे पेशंट दातांत लवंगा धरून बसले असतील. पण मग ठमाबाईंना सांभाळणार कोण? तिची आई आहे, पाळणाघर आहे, कुणी शिकलेली बाई ठेवायची म्हणून दादा चौकशीही करत होता. मी काही विचारलं नाही. एकदा हात पोळलेल्या माणसाने पुढे पुढे करू नये.

तीच म्हणाली, "ठमाला तुमच्याकडे सोडते. कारखान्याच्या पुढच्या खोलीत. यंत्रं मागे आहेत, मध्ये दोन दारं आहेत, मी बघून आलेय."

माझा घास हातातच राहिला. म्हटलं, "अगं पण तिथे चहूकडे प्लास्टिक. ही दिसेल ते तोंडात घालते. लक्ष कोण ठेवणार?"

"तुम्ही," ती म्हणाली. "बाळाच्या तोंडात काय जातंय याची तुमच्याइतकी धास्ती घेतलेलं दुसरं कोण आहे आमच्याकडे?"

दादा म्हणाला, "मी आहे ना." तिने त्याच्या ताटात भात वाढला आणि विषय संपला.

मी उठून हात धुवायला गेले आणि नळ सोडून मनसोक्त रडले. भिंगरे, मला तो दोन शिक्क्यांचा कागद हवा होता, मिळाला, बरं वाटलं. पण त्याने एवढं झालं नव्हतं. आयुष्यात एवढा आनंद मला दोनदाच झालाय, आणि दुसऱ्यांदा झाला तो परवा.

आज तिचा कारखान्यातला पहिला दिवस. फोरमन सकाळपासून चपला बाहेर काढून येतोय. ठमाबाई माझ्या मांडीवर बसून हे सगळं लिहिताना बघत होत्या. पानाचा खालचा कोपरा दिसतोय ना, नसलेला? मी 'आनंद' लिहीत होते तेवढ्यात गेला. बोट घालून काढला तोंडातून, बहुतेक सगळा. शाईत काय काय असतं ते उलट टपाली कळव.

तुझी आत्या